आधी पांढरी वायर

२ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

तुझं पार्सल काल दुपारी आलं. कुरिअरवाल्याने बेल वाजवली असणार, पण मला ती ऐकू आली नाही. मग त्याने ते जिन्याखाली टाकलं आणि तुझ्या आईने उचलून पहिल्या पायरीवर ठेवलं. पहिल्या पायरीपर्यंत तिची हद्द, तिथून वर माझी.

फोन कर म्हणतेस. फोनवर मला आता एकच आवाज ऐकू येतो, तो माझा. पत्र बरं. ते पुन्हा वाचता येतं आणि मध्येच 'ऐकतोयस ना?' असं विचारत नाही.

लॅपटॉप पोचला, दिवा पोचला, तारा असलेली काळी डबी पोचली आणि पाच बोर्ड पोचले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. चाळीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले, पण ते दोन हातांत धरावे लागायचे. तुझा बोर्ड नखाएवढा. शिंक आली तर खाटेखाली शोधत बसावं लागेल, म्हणून तोंडाला रुमाल बांधून पाकीट उघडलं.

कशासाठी हे चाललंय ते मी विसरलेलो नाही. तुझ्या दादाने आईसाठी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून ठेवलाय, ३१ मार्च शेवटची तारीख. आई खाली एकटी, मामा वर बहिरा, सकाळी ती उठली की नाही हे कळणार कोणाला, असं तो म्हणतो. त्याचं चुकत नाही. पूर्वी तिचं शिवणयंत्र चालायचं तेव्हा माझ्या खाटेचा पाय थरथरायचा. कानाला नाही तरी तळव्याला कळायचं. तिची नजर अधू झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, यंत्र बंद आहे. आता खाली काय चाललंय ते मला कळत नाही. तू म्हणतेस, बोर्ड तिच्या दारावर बसेल, तिने सकाळी दार उघडलं की वर माझ्या खोलीत दिवा लागेल. युक्ती चांगली आहे. चौदा पायऱ्या उतरून विचारायला नको.

विचारणं होणार नाही हे तुला ठाऊक आहेच. अकरा वर्षं झाली. तुझ्या बाबांनी बोटीवरून शेवटचं येताना तिच्या यंत्रासाठी मोटर आणली होती. ते गेल्यावर तिने ती मला जोडायला दिली. मी प्लग लावला. मोटर ११० व्होल्टची, भिंतीत २२०. धूर निघाला. मी म्हणालो, सांगायचं नाही का? ती म्हणाली, विचारायचं नाही का? तेव्हापासून ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

एक शंका. सेल तीन व्होल्टचा आहे, पण बोर्डावर मीटर लावला तर १.८ दाखवतो. आमच्या धंद्यात एवढं खाली आलं की सेल फेकून देतात. बोर्ड आजारी आहे का? उपाशी वाटतो. मला रात्री झोप लागली नाही. तू लवकर कळव, तोवर मी त्याला काही देत नाही.

तुझा
मामा

*

९ फेब्रुवारी

मामा,

बोर्ड आजारी नाही. त्याची तब्येतच तशी आहे. तीन व्होल्टचे मीच १.८ करून त्याला देते, म्हणजे तो थोडक्यात भागवतो आणि एक बटण-सेल दोन वर्षं पुरतो. जास्त दिलंस तर तो जाड होणार नाही, मरेल. त्याला काहीही खायला घालू नकोस.

आता नीट वाच. बोर्ड कोरा आहे, त्याला काय करायचं ते अजून माहीत नाही. ते त्याला काळी डबी सांगणार. डबीला चार वायरी आहेत. काळी म्हणजे अर्थिंग. पिवळी आणि हिरवी बोलण्यासाठी. पांढरी विचारण्यासाठी. ती बोर्डाला आधी विचारते, बाबा तू किती व्होल्टवर चालतोस? तो म्हणतो, १.८. मग डबी पिवळ्या-हिरव्या वायरीवर तेवढ्याच व्होल्टने बोलते. न विचारता पाच व्होल्टने बोलली तर बोर्डाचे कान फाटतात.

डबीच्या बाजूला एक बारीक स्विच आहे. तो मी बरोबर जागी ठेवून वर चिकटपट्टी लावली आहे. पट्टी काढू नकोस. तुझा हात शिवशिवेल, तरी काढू नकोस.

वायरींच्या टोकाला स्प्रिंगच्या चार टाचण्या आहेत. त्या बोर्डावरच्या चार ठिपक्यांवर दाबून धरायच्या आणि लॅपटॉपवरचं हिरवं बटण दाबायचं. अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ हात हलू द्यायचा नाही. खरं तर हे दोघांचं काम आहे, एकाने धरायचं आणि एकाने दाबायचं. पण तू काहीतरी जुळवशील.

मी स्वतः आले असते, पण कारखान्यात तपासणी आहे आणि एप्रिलपर्यंत सुट्टी मागायची सोय नाही. दादाला मी सांगितलंय, पंधरा दिवसांच्या वेळा दाखवते, मग ठरव. तो 'बघू' म्हणालाय. त्याचं 'बघू' तुला माहीत आहे.

आणि मामा, काही बिघडलं तर कळव. लपवू नकोस.

ठिणगी

*

१७ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

लपवण्यासारखं काही नाही. सगळं सविस्तर लिहितो.

पाचातला एक बोर्ड टपालातच गेला असावा. मी तुझं पत्र आल्यावर पाहिला तेव्हा तो गेलेलाच होता. कुरिअरवाले पार्सलं फेकतात, मी खिडकीतून पाहिलं आहे. त्याला मी दोन पेन्सिल सेल लावले होते अशी तुला शंका येईल, म्हणून आधीच सांगतो की ते अगदी थोडा वेळ लावले होते, आणि तेही तुझं पत्र यायच्या आधी.

दुसऱ्या बोर्डाला मी तुझ्या सांगण्याप्रमाणे चारही वायरी लावल्या. धरायला माणूस नाही, म्हणून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घेतला, त्याच्या तोंडात बोर्ड आणि टाचण्या धरल्या. चिमट्याखाली वहीचा पुठ्ठा. झकास बसलं. बटण दाबलं. लॅपटॉपवर हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत धावली आणि थांबली. बोर्ड किंचित गरम वाटला. आता तो थंड आहे. अगदी शांत आहे.

पण तिसऱ्याचं ऐक. त्याच चिमट्यात धरला, बटण दाबलं, हिरवी पट्टी पूर्ण गेली, आणि बोर्डावरचा तो राईएवढा दिवा लुकलुकायला लागला. मी टाळी वाजवली, एकट्यानेच. मग पाहतो तर काय, सेल टेबलावर. घालायचाच विसरलो होतो. म्हणजे तुझा बोर्ड सेलशिवाय चालतो. चाळीस वर्षांत मी असलं यंत्र पाहिलं नाही. तू म्हणालीस थोडक्यात भागवतो, पण हा तर उपासावर चालतोय. दोन वर्षं कसली, हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. दादाला कळव.

काल तुझी आई दुपारपर्यंत दिसली नाही. मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभा होतो, सहज. मग ती कचरा ठेवायला बाहेर आली आणि मी आत गेलो. असं रोज उभं राहिलो तर गुडघे जातील. म्हणून हे काम लवकर व्हायला हवं.

तुझा
मामा

*

२२ फेब्रुवारी

मामा,

आहे तसा तिसरा बोर्ड चिमट्यातून काढ आणि बाजूला ठेव. तो उपासावर चालत नव्हता, चोरून खात होता. पिवळ्या-हिरव्या वायरींतून बोलण्याचे व्होल्ट येतात, ते गरजेपेक्षा जास्त असले की चिपच्या आतल्या वाटांनी शिरतात आणि सगळा बोर्ड त्यावरच जागा होतो. दिसतो ठणठणीत. वायर काढली की पडतो. आणि आतून भाजतो तो वेगळाच.

याचा अर्थ डबी १.८ वर बोलत नाहीये. तू पांढरी वायर लावली होतीस ना? पुन्हा काही जोडू नकोस. डबी चालू करून पिवळ्या वायरीवर मीटर लाव आणि आकडा कळव. एवढंच कर.

दादाचा फोन आला होता. त्याला वीस मार्चच्या आत वेळा हव्यात. नाहीतर एकवीसला तो गाडी घेऊन येणार आहे, आईचं सामान बांधायला. मी म्हटलं, आईला विचारलंस? तो म्हणाला, विचारलं तर ती नाही म्हणेल. या घरात विचारण्याची एकूणच कमतरता आहे.

तुझ्याकडे आता दोन बोर्ड उरलेत. नवे करायला दोन महिने लागतात.

ठिणगी

*

१ मार्च

चि. ठिणगी,

आकडा पाहिला. आता त्याची काळजी करू नकोस. चूक माझीच होती. पांढरी वायर लावायची मी विसरलो होतो. मागे लावली असं लिहिलं ते आठवणीच्या घोळात. या वयात होतं.

ती लावून चौथा बोर्ड केला आणि तो लागला. पाचवा मी कापसात गुंडाळून औषधाच्या डबीत ठेवलाय, जपून. २५ तारखेला तुझी आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा मी खाली जाऊन दाराच्या चौकटीवर, बोर्ड ठेवायला तू पाठवलेली पांढरी डबी चिकटवली. स्टूल नेलं होतं. स्टूल डुगडुगत होतं, पण मी पडलो नाही. परत वर येईपर्यंत ती कोपऱ्यावर दिसायला लागली होती.

दिवा लागतो आहे. दादाला दाखवण्यासाठी वेळा खाली दिल्या आहेत.

२६ तारीख, सकाळी ६.२०.
२७ तारीख, ६.२५.
२८ तारीख, ६.२०. आज केस विंचरले नव्हते.
१ मार्च, ६.३५. उशीर. थोडा खोकला. पण चेहरा बरा.

रोजच्या वेळा मी वहीत मांडत जाईन आणि दर आठवड्याला पाठवीन. दादाला सांग, गाडी उगाच आणू नकोस. या गल्लीत ती वळवायला जागाही नाही.

तुझा
मामा

*

८ मार्च

मामा,

वेळा पाहून मला इतका आनंद झाला की लगेच दादाला पाठवल्या. तो म्हणाला, 'अरे वा.' मग मी जेवायला बसले आणि दुसऱ्या घासाला हात थांबला.

दिव्याला केस कसे दिसले?

खोकल्याचंही तेच. तो दिवा आहे, मामा. लागतो आणि विझतो. आणि तू तर ढोल वाजला तरी वळून पाहत नाहीस.

म्हणून मी माझी कामाची वही काढून पाहिली. ती काळी डबी मी शेवटची कारखान्यातल्या पाच व्होल्टच्या कामासाठी वापरली होती. स्विच डावीकडे, पाचवर. डावीकडे असला की डबी कोणाला काही विचारत नाही, सरळ पाचने बोलते, पांढरी वायर लावा नाहीतर नका लावू. आणि तो तसाच ठेवून, तू हलवू नयेस म्हणून, वर पट्टी मी लावली. म्हणजे तू पांढरी वायर लावली होतीस. पेन्सिल सेलवाला सोडला तर बाकीचे दोन्ही बोर्ड मी मारले. आणि पट्टी जागेवर असेल तर चौथाही लागलेला असणं शक्य नाही.

पिवळ्या वायरीवर तुला किती दिसले होते ते तू लिहिलंच नाहीस. किती होते?

आणि दारावर काय लावलंयस?

मी दादाला अजून काही बोललेले नाही. पण खोट्या वेळांवर मी त्याला थांबवून ठेवू शकत नाही. उद्या आईला खरंच काही झालं आणि वहीत तू ६.२० मांडलेलं असलं तर काय?

ठिणगी

*

१० मार्च

प्रिय मुली,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, पानं जास्त लागतील. मला कोणी सांगितलेलं नाही, पण तुम्ही दोघं मिळून काहीतरी करता आहात हे कळण्याइतकी मी शहाणी आहे.

तुझा मामा रोज सकाळी सव्वासहाला खाली येतो. जिन्याखाली लाइटचा मीटर आहे, तो पाहत उभा राहतो. वीज खात्याचा माणूसही इतक्या वेळा तो पाहत नाही. मी दार उघडून दूध आत घेईपर्यंत तो मीटरपुढून हलत नाही. मी उघडलं की तो वहीत काहीतरी लिहितो आणि वर जातो. त्याला वाटतं मला दिसत नाही. मला दोरा ओवता येत नाही, माणसाएवढा माणूस दिसतो.

खरं सांगायचं तर मी साडेसातला उठते. नजर गेल्यापासून लवकर उठून करायचं काय? पण हा सव्वासहाला त्या गार फरशीवर येऊन उभा राहतो, चप्पलसुद्धा घालत नाही, आवाज होईल म्हणून. स्वतःला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला आवाज होईल याची काळजी. म्हणून मी सहाचा गजर लावते आणि दार उघडते, म्हणजे तो सुटतो. मग पुन्हा झोपते. पंधरा दिवस झाले. एकदा गजर उशिरा लावला गेला तर ६.३५ पर्यंत तसाच उभा होता. मला पाहवेना, धावत आले, केस त्याही दिवशी तसेच, वर ठसका लागला.

दाराच्या चौकटीवर त्याने एक डबी चिकटवली आहे. मी स्टुलावर चढून उघडून पाहिली. आत काही नाही. रिकामी आहे. मी ती रोज पुसते.

त्या चौदा पायऱ्या तो अंधारात उतरतो, याची मला धास्ती आहे. एखाद्या दिवशी पडला तर हाक मारली तरी ओ देणार नाही. तुझ्या कारखान्यात असलं काही करतात का, की तो सकाळी उठला आणि धड आहे हे मला खाली कळेल? त्याला न विचारता बसवता आलं पाहिजे.

तुझा दादा एकवीसला येतो म्हणाला. काय काम आहे ते बोलला नाही. माझी मोठी बॅग कुठे आहे ते मात्र विचारलं.

आई

*

१३ मार्च

मामा,

आईचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता मी काही बोलत नाही.

कापसात एक नाही, दोन बोर्ड असणार. बरोबर? तेवढेच लागतात. सोबत दुसरा दिवा पाठवते आहे, तो आईच्या खोलीसाठी. एक बोर्ड तिच्या दारावर, दिवा तुझ्याकडे. एक तुझ्या दारावर, दिवा तिच्याकडे.

पट्टी काढ. स्विच उजवीकडे सरकव. आधी पांढरी वायर, मग बाकीच्या. बटण दाबण्यापूर्वी पिवळीवर मीटर लाव. १.८ दिसले तरच पुढे जा.

आणि चिमटा वापरू नकोस. तो अर्ध्या मिनिटात सरकतो आणि आता एकही बोर्ड वाया घालवायचा नाही. धरायला माणूस लागेल. माणूस खालच्या मजल्यावर राहतो.

दादाला मी वेळांचं खरं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे बोर्ड चालतच नाही. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग एकवीस पक्की.

ठिणगी

*

२२ मार्च

चि. ठिणगी,

पिवळ्या वायरीवर ४.९ होते. पट्टी मी तेव्हाच काढून पाहिली होती आणि स्विच पाहून परत लावून ठेवली. तुझं नाव शहाण्या इंजिनिअरांत घेतलं जातं, म्हटलं ते तसंच राहू दे. माझ्या नावावर एक मोटर जमा आहेच, दोन बोर्ड आणखी झाले तर काय बिघडतं. स्विच सरकवून उरलेले बोर्ड का केले नाहीत असं विचारशील. हात धजला नाही. दोनच होते. कापसातून काढायचो, पाहायचो आणि परत ठेवायचो. त्यापेक्षा चौदा पायऱ्या सोप्या वाटल्या.

आता पुढचं. तुझ्या आईचं पत्र मी चार वेळा वाचलं. दोन दिवस काही केलं नाही. ती सहाला गजर लावते हे कळल्यावर खाली जाऊन उभं राहायची लाज वाटायला लागली, आणि न गेलो तर ती उघड्या दारात ताटकळेल अशी भीती. म्हणून जात राहिलो. पण मीटरकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं.

१८ तारखेला दुपारी सगळं सामान ट्रेमध्ये घेऊन खाली गेलो. दार उघडंच होतं. मी ट्रे तिच्या शिवणयंत्रावर ठेवला. ती आत गेली, कपाटातून ती मोटर घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली, पाटी माझ्याकडे करून. पाटीवर बोट ठेवून उभी. मला कळलं. मी मोठ्याने वाचलं, एकशे दहा. तिने मान हलवली आणि मोटर परत कपाटात ठेवली. अकरा वर्षं तिने ती तेवढ्यासाठी जपली होती असं मला वाटतं.

मग मी पांढरी वायर लावली, पिवळीवर मीटर धरला. १.८. तिलाही दाखवलं. तिने बोर्ड आणि टाचण्या दोन्ही हातांत धरल्या. नजर नाही, पण बोटं अजून शिंपिणीची आहेत, केसभरही हलली नाहीत. मी लॅपटॉपच्या बटणावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. दोनच उरलेत हा विचार डोक्यातून जाईना.

तिने विचारलं, "दाबू का मी?"

ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले.

मी म्हणालो, "तू धरलंयस ना, धर."

"मग दाब की. माझी बोटं का दगडाची आहेत?"

दाबलं. हिरवी पट्टी पूर्ण गेली. टाचण्या काढल्या, बोर्ड लुकलुकत राहिला, स्वतःच्या सेलवर. दुसराही तसाच झाला. दोन्ही दिवे लागले. पुढचा अर्धा तास आम्ही भांडलो. पहिल्या वेळी बटण उशिरा दाबलं असं तिचं म्हणणं, तिने टाचणी आधी तिरकी धरली होती असं माझं. बोलताना ती माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश बोलते, म्हणजे मला कळावं. अपमानसुद्धा नीट कळतो.

आता कालचं, २१ तारखेचं सांगतो. तू वेळा मागशील म्हणून.

आदल्या दोन दिवसांत सगळं नीट बसवून झालं होतं. काल पहिल्यांदा आम्ही पूर्णपणे यंत्रावर विसंबलो. मी सहाला जागा झालो आणि खाटेवर बसून दिव्याकडे पाहत राहिलो. दिवा लागेना. म्हटलं साडेसातला उठते ती, लागेल. साडेसात झाले. पावणेआठ झाले. मी दार उघडलं नाही, कारण दिव्यावरची नजर काढली तर नेमका तेव्हाच लागून विझायचा. आठ वाजले. दादा येणार, आणि आजच ती. मग उठलो, दार उघडलं, आणि धावलो म्हणता येणार नाही, पण उतरलो.

सातव्या पायरीवर ती भेटली. वर येत होती. अनवाणी. कठडा घट्ट धरून.

ती म्हणाली, "जिवंत आहेस तर दार का उघडलं नाहीस? दोन तास दिव्याकडे बघत बसले आहे."

मी म्हणालो, "तुझा दिवा आधी लागायला हवा. तुझ्यासाठी केलंय ते."

"मी मोठी आहे. आधी तू उठायचं."

आम्ही दोघं तिथेच खाली बसलो. तेवढ्यात दादा आला. आठ वाजून दहा मिनिटं. हातात फॉर्म, मागे गल्लीच्या तोंडाशी अडकलेली गाडी. तो म्हणाला, जरा वाट द्या, वरून आईची बॅग आणतो. बॅग माझ्या माळ्यावर आहे. वाट कोणी दिली नाही. तुझ्या आईने त्याला विचारलं, "मला विचारलंस?" तो म्हणाला, "काय?" ती म्हणाली, "तेच." मग तो खालच्या पायरीवर बसला आणि आम्ही वरच्या पायरीवर कोण आधी दार उघडणार यावर बोलत राहिलो. बराच वेळ त्याने ऐकलं. शेवटी म्हणाला, दिवे चालतात का? मी म्हणालो, चालतात, वर जाऊन बघ. आता वाट दिली. तो वर गेला, मग खाली गेला. दोन्ही खोल्यांत दोन्ही दिवे लागलेले होते. बघायला फक्त कोणी नव्हतं.

दादा दुपारी परत गेला. गाडी मागे घेताना त्याला पाऊण तास लागला. फॉर्म तुझ्या आईने घडी करून शिवणयंत्राच्या आखूड पायाखाली घातला. आता ते डुगडुगत नाही, मी हलवून पाहिलं.

मोटरीचं वाइंडिंग जळलंय, ते मी पुन्हा भरणार आहे. ती म्हणते शिवायचं कोणी, मला दिसत नाही. मी म्हणालो, तू नुसती चालव. खाटेचा पाय थरथरला म्हणजे झालं. ट्रान्सफॉर्मर लावून, ११० वर.

नवीन बोर्ड इतक्यात करू नकोस. फक्त एक विचारायचं होतं. दोघांपैकी आधी कोणी उठायचं हे बोर्डाला ठरवून देता येतं का? नसेल तर राहू दे. आज आम्ही सातव्या पायरीची वेळ ठरवली आहे. साडेसात.

वहीत लिहायची म्हणून लिहितो. २२ मार्च, ७.३०. तिचे केस विंचरलेले होते. मी चप्पल घातली होती.

तुझा
मामा